आधी भाकरी, मग कुपन

नाना दुकानात शिरण्याआधी जेवायचे. घरी नाही, दुकानाच्या पार्किंगमध्ये. पुण्याजवळच्या मोशीतल्या मोठ्या किराणा दुकानासमोर आपली जुनी स्कूटर स्टँडवर लावायची, डिकीतून फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा काढायचा, उभ्यानंच खायचं, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरायची, मिशा पुसायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. वॉचमन तोंड फिरवून हसायचा. गाडी लावायला आलेली माणसं थांबून बघायची. नानांना त्याचं काही नसायचं. "उपाशी पोटी बाजार केला की यादी पोट करतंय," ते म्हणायचे, "आन पोटाला किंमत वाचता येत न्हाई."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र ते जेवत नव्हते. ते रांगेत माझ्या मागे उभे होते आणि मी त्या क्षणी जगातली सगळ्यात हुशार बाई होते. मोशीत राहायला येऊन आठच दिवस झाले होते. पेपरातून एक कुपन पडलं होतं, पंधराशेच्या खरेदीवर दीडशे रुपये सूट. माझं सामान भरलं अकराशे ऐंशीचं. मग काय, कुपन वाया घालवायचं? मी परत आत गेले आणि आकडा पुरा होईपर्यंत हाताला लागेल ते उचललं. पास्त्याची दोन पाकिटं, बाथरूममध्ये टांगायची सुगंधी वडी, आणि मेयोनीज नावाची एक पांढरी बाटली. ती पोळीला लावतात की केसांना, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. काउंटरवर दीडशे वजा झाले तेव्हा मी अशी मान ताठ केली की विचारू नका.

"दीडशे वाचवायला तीनशे वीस घातलं, पोरी," मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर सत्तरीचा माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक लाल आणि एक हिरवं. मी जालन्याची. ऐकून घ्यायची सवय नाही. "तुम्हाला काय करायचंय हो?" मी म्हणाले. "पैसे माझे, सामान माझं!"

"व्हय, तेबी खरं," ते शांतपणे म्हणाले आणि आपल्या चार वस्तू पुढं सरकवल्या.

मी बाहेर येऊन बिल चुरगाळलं, पार्किंगमध्ये भिरकावलं आणि रिक्षा पकडली. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापाशी पोहोचते तो काय, हाच माणूस तळमजल्यावरच्या दाराचं कुलूप काढतोय! स्कूटरवरून माझ्या आधी पोहोचला होता. "हितंच ऱ्हातीस व्हय?" ते म्हणाले. "ती पांढरी बाटली फोडलीस की फ्रिजात ठेव. नासंल."

आता माझं सांगते, म्हणजे दीडशे रुपयांसाठी मी एवढी का वेडी झाले होते ते कळेल. माझे यजमान संतोष चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर कामाला. लग्नानंतर सात वर्षं ते चाकणमध्ये कॉट बेसिसवर राहिले, म्हणजे एका खोलीत सहा जण आणि ज्याची त्याची एक कॉट. मी गावी सासूसासऱ्यांपाशी. एका दिवाळीला ते आले तेव्हा आमची आर्या दाराआड लपली आणि मला म्हणाली, "आई, ते काका आलेत." संतोष हसले, पण जेवले नाहीत. त्या दिवशी मी हट्टच धरला, कुठंही ठेवा पण सोबत ठेवा. शेवटी आमचा तह झाला. डिसेंबरात मोशीत एक खोली-किचन घ्यायचं, जूनपर्यंतच्या बोलीवर. जूनमध्ये आर्या पहिलीत जाणार. तोवर भाडं भरून पगारात घर चाललं तर शाळा इथली. नाही चाललं तर आम्ही दोघी गावी आणि संतोष पुन्हा कॉटवर. माणूस वाईट नाही हो, पण शब्दाला शब्द.

पास्ता कसा करतात हे विचारायला मी खाली कमलकाकूंकडे गेले. कमलकाकू म्हणजे नानांच्या मंडळी. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या नळ्या व्हय? मला वाटलं पापडातल्या." आम्ही दोघी इतक्या हसलो, की हसता हसता मी सगळं सांगून टाकलं, कॉट, काका, जून, सगळं. नाना कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवराबायको माझ्या दारात. नाना म्हणाले, "नखाला लावायचं लाल हाय का तुज्याकडं?"

मी चक्रावून नेलपॉलिश दिलं. त्यांनी माझे सगळे डबे खाली काढले, तूरडाळ, तांदूळ, साखर, पोहे, आणि प्रत्येक डब्यावर बाहेरून एक लाल रेघ मारली. काही रेघा वर, काही खाली. "डाळ ह्या रेघंखाली गेली की यादीत लिवायची. आदी न्हाई, मागनं न्हाई. आदी रेघ, मग यादी, मग कुपन. उलटं केलंस की पांढरी बाटली."

नाना भोसरीच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. आलेला माल तपासायचा, खराब निघाला की कागदावर लाल पेनानं रिजेक्ट लिहायचं, चांगला निघाला की हिरव्यानं ओके. मोशीचं जुनं शेतकरी घराणं, पण पाच भावांत जमीन थोडी म्हणून हे कंपनीत लागले. रिटायर झाल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले आणि त्यांनी पहिला हल्ला काकूंच्या स्वयंपाकघरावर केला. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांना नंबर टाकले. हळद एक, तिखट दोन, मोहरी तीन. काकू सांगायच्या, "एक दिस मला म्हंतात, दोन नंबर जास्त झालंय आमटीत! म्या लाटनंच उचललं. म्हनलं, भायेरचं स्टोअर बगा, माज्या शेगडीपाशी यायचं न्हाई." तेव्हापासून नाना कुपनांकडे वळले.

एक गोष्ट ते प्रत्येकाला सांगायचे, ज्यानं आधी दहा वेळा ऐकली असेल त्यालाही. एकदा कंपनीत सगळं मटेरियल आलं होतं, माणसं उभी, मशीन चालू, आणि एक वायसर, नटाखाली घालायची चकती, संपला. दीड रुपयाचा वायसर! तीन तास लाइन बंद. मोठे साहेब केबिनमधून धावत खाली आले. "तवाच कळलं," नाना बोट वर करून म्हणायचे, "लाइन मोठ्या पार्टानं थांबत न्हाई, वायसरनं थांबतीय. संसाराचंबी तसंच हाय."

कुपनं ठेवायला त्यांच्याकडे प्लास्टिकचा एक पाऊच होता. आत रबर लावलेले तीन गठ्ठे. या आठवड्यातली, या महिन्यातली आणि मेलेली. मुदत संपलेल्या कुपनांना ते मेलेली म्हणायचे, पण फेकायचे नाहीत. त्यात फिनेलचंही एक होतं. दोनावर एक फुकट म्हणून नानांनी एकदा फिनेलच्या बारा बाटल्या आणल्या आणि वर्षभर आमच्या जिन्याला दवाखान्याचा वास येत होता. काकूंनी तो विषय काढला की नानांना एकदम कमी ऐकू यायचं.

मोशी गावातले लोक त्यांना टोमणे मारायचे. बिल्डरला जमीन दिल्यावर बऱ्यापैकी पैसा आला होता, दोन फ्लॅट भाड्यानं दिले होते. कट्ट्यावरचा एक जण म्हणाला, "नाना, राव, कोटीचं माणूस तुमी, दहा रुपयाच्या कागदासाठी लायनीत उभं ऱ्हाता?"

नाना म्हणाले, "कोटी जमिनीचं. जमीन बापाची. दहा रुपये मातर माजं सोताचं."

मला त्यांनी आणखी एक शिस्त लावली. बिलाच्या तळाशी छापलेलं असतं ना, आपण इतके इतके वाचवले, ते वाचून मी खूश व्हायचे. नाना विचारायचे, "वाचलं म्हंतीस, मग कुटं हायेत? दाव की." मला काही दाखवता यायचं नाही, कारण ते पैसे घरी पोहोचेपर्यंत भेळेत नाहीतर पिनांमध्ये गेलेले असायचे. मग त्यांनी मला चहापत्तीचा रिकामा पत्र्याचा डबा दिला. पार्किंगमध्येच, स्कूटरच्या सीटवर ठेवून, वाचले तेवढे पैसे पर्समधून काढून त्यात टाकायचे. मग घरी जायचं. पहिल्या दिवशी मी त्यात तेवीस रुपये टाकले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. नाना म्हणाले, "तेवीसला हसू नको. त्यात पंधरा वायसर येत्यात." पुढं पुढं एकेका खेपेला शंभर-दोनशेही पडायला लागले.

मार्चमध्ये तेलाचं मोठं कुपन आलं. दोन लिटरवर एक लिटर फुकट, पण एका मोबाइल नंबरावर एकदाच. पेपर सगळ्यांकडे येत होता, तेव्हा नानांनी बिल्डिंगमधल्या माझ्यासकट सात बायका गोळा केल्या. ओळखीचा टेम्पो ठरवला. प्रत्येकीच्या हातात यादी. पार्किंगमध्ये सगळ्यांना भाकरीचा एकेक तुकडा खायला लावला. माझी मैत्रीण सुरेखा लाजेनं पदर डोक्यावरून घेऊन खात होती. दुकानात तोबा गर्दी. आमचा नंबर यायला पावणेतीन वाजले. काउंटरवरच्या मुलीनं माझ्या कार्डावरचा मोबाइल नंबर घातला आणि म्हणाली, "ताई, ओटीपी सांगा."

मी फोन पाहिला. काही नाही. सुरेखानं पाहिला. काही नाही. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानाच्या कार्डावर आम्ही सातही जणींनी नवऱ्यांचे नंबर दिले होते! आणि नवरे सगळे चाकणला फर्स्ट शिफ्टला. तिथं आत मशीनपाशी फोन न्यायला बंदी, गेटवरच लॉकरमध्ये ठेवावे लागतात. म्हणजे आमचे ओटीपी लॉकरमध्ये जाऊन पडले होते.

नानांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. बत्तीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस, लॉकर त्यांना पाठ, आणि तेच विसरले. कपाळावर हात मारून म्हणाले, "वायसर गं वायसर!"

ट्रॉल्या बाजूला लावून आम्ही पार्किंगमध्ये जाऊन बसलो. उरलेल्या भाकऱ्या संपवल्या. साडेतीनला शिफ्ट सुटते. तीन पस्तीसला परत आत पळालो, मुलीनं पुन्हा ओटीपी पाठवला आणि मी संतोषना फोन लावला.

"ओटीपी आलाय का?"

"आलाय. तुला कसं कळलं?"

"सांगा की लवकर."

"नाही सांगणार."

"अहो, का?"

"कुणालाही सांगू नका असं मेसेजमध्येच लिहिलंय. कंपनीत ट्रेनिंग दिलंय आम्हाला."

"अहो, मी बोलायलेय, वैशाली!"

"आवाज पण काढतात आजकाल." मग जरा विचार करून म्हणाले, "खरी वैशाली असशील तर सांग, तुझ्या बहिणीच्या लग्नात मी कुठं पडलो होतो?"

माझ्या मागे वीसेक माणसांची रांग. काय करणार? मी ओरडले, "मांडवामागच्या शेणाच्या खड्ड्यात!"

सगळं दुकान हशानं फुटलं. काउंटरवरच्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी. नाना तर साखरेच्या पोत्यावर बसून पोट धरून हसत होते. ओटीपी मिळाला. सुरेखाच्या नवऱ्यानं तर तिला आधी सासूचं माहेरचं नाव विचारलं. एकवीस लिटर तेल घेऊन आम्ही टेम्पोत गाणी म्हणत घरी आलो.

जिन्यात मात्र नानांनी आम्हाला थांबवलं. आता हसत नव्हते. "चूक माजी हाय," ते म्हणाले. "पन एक सांगतो. घर तुमी चालिवता आन नंबर दुसऱ्याचा. उद्याच्याला सगळ्याजनी सोताच्या नावाचं शिम घ्या." मी घेतलं. माझ्या नावावर निघालेली ती पहिली गोष्ट. भाडेकरार, गॅस, वीजबिल, माझ्या फोनातलं आधीचं सिमसुद्धा, सगळं संतोषच्या नावावर होतं. त्या दिवशी मी तो दहा आकडी नंबर आर्याला कवितेसारखा पाठ करायला लावला.

मग मे महिना आला आणि संतोषना ब्रेक मिळाला. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ठरावीक महिने झाले की एक महिना घरी बसवतात आणि मग नव्यानं घेतात. महिनाभर पगार नाही. भर दुपारी ते घरी आले, चपला न काढताच दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बॅग भर, वैशू. तुम्हा दोघींना गावी सोडून येतो." आवाजात राग नव्हता. मी माळ्यावरून बॅग काढली. आर्याचे फ्रॉक घड्या घालून आत ठेवायला लागले. पोरगी विचारत होती, "पप्पा पण येणार ना?" मी पुढचा फ्रॉक उचलला.

मग माझंच डोकं फिरलं. हातातला फ्रॉक टाकला, खाली गेले आणि नानांना म्हणाले, "जरा वर चला. आमची लाइन बंद पडायलीय."

नाना टोपी घालून आले. थेट स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा उघडायला लागले. डाळीत बोट खुपसलं, तांदळाचा डबा हलवून पाहिला, तेलाच्या पिशव्या मोजल्या. प्रत्येक डब्यातला माल लाल रेघेच्या चांगला वर होता. मग दारात येऊन त्यांनी संतोषना विचारलं, "किती दिस घरी हाईस?"

"एक महिना."

"डाळ चाळीस दिस. तांदूळ दोन म्हैनं. तेल जूनअखेर. साबन तर पोरीच्या लग्नापातूर पुरंल. स्टोअर भरल्यालं हाय, मालक. भरल्या स्टोअरला टाळं कशाला लावतोस?"

संतोष म्हणाले, "आणि भाडं, नाना?"

मी फळीवरून चहापत्तीचा डबा काढला आणि पलंगावर उपडा केला. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभराच्या नोटा, नाण्यांचा ढीग. आर्यानं लगेच नाण्यांचे मनोरे रचायला घेतले. संतोषनी एक नोट उचलून उलटसुलट पाहिली. हे पैसे आहेत हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"हे कुठून आलं?" ते म्हणाले.

"तुमच्या शेणाच्या खड्ड्यातून," मी म्हणाले.

ते पलंगावर बसले आणि हसायला लागले, मग डोळे पुसायला लागले. भाड्याला पुरलं आणि वर आर्याच्या वह्यापुस्तकांना उरलं. बॅग आर्यानंच ओढत ओढत बाजूला नेली. नाना केव्हा खाली गेले ते आम्हाला कळलंही नाही.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी आर्याला घेऊन आम्ही दोघं जिना उतरत होतो. नाना खाली उभे. त्यांनी पाऊचमधून, मेलेल्या कुपनांच्या गठ्ठ्यातून, एक कागद काढला. हातानं सपाट केलेला, पण सुरकुत्या तशाच. माझं बिल! पहिल्या दिवशी मी भिरकावलेलं. त्यावर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, रिजेक्ट. नानांनी कागद भिंतीवर धरला, हिरवं पेन काढलं, लाल शब्दावर काट मारली, खाली ओके लिहिलं आणि झोकात सही केली.

"फेरतपासनी झाली," ते म्हणाले. "माल चांगला निगाला."

"माल म्हणजे कोण, मी की मेयोनीज?" मी पदरानं डोळे पुसत विचारलं. माझ्या आयुष्यात मला कुणी असं पास केलं नव्हतं. दहावीच्या मार्कशीटवरसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

"रडतीस काय? पोरीला साळंला उशीर व्हतोय," नाना म्हणाले आणि स्वतःच तोंड फिरवून स्कूटर पुसायला लागले.

गेल्या वर्षी नाना गेले. सकाळी पेपर घेऊन बसले होते, बसल्या जागी गेले. काही त्रास झाला नाही. काकू भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "कुपन कापून ठिवलं, कातर जागेवर ठिवली, आन मगच गेलं." सांगताना त्यांना रडू यायचं आणि थोडं हसूही.

तेराव्याच्या स्वयंपाकाचं सामान आणायचं काम आम्ही सात जणींनी मागून घेतलं. निघताना काकूंनी माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या दिल्या. नानांचंच फडकं. "आदी खावा," त्या म्हणाल्या. "उपाशी पोटी गेलेलं त्यांना आवडायचं न्हाई." पार्किंगमध्ये, त्यांची स्कूटर जिथं उभी असायची तिथं, आम्ही सात जणी उभ्यानं भाकरी खाल्ली. सुरेखानं पदर डोक्यावर घेतला नाही. वॉचमन हसला नाही. जवळ आला आणि त्यानंही एक तुकडा मागून घेतला.

काउंटरवर तीच मुलगी होती, आता सीनियर झाली होती. नानांनी त्या सकाळी कापलेलं तेलाचं कुपन मी पुढं ठेवलं. बाकीच्यांनी आपापली काढली. तिनं आम्हाला ओळखलं, नाना कुठं आहेत असं विचारायला तोंड उघडलं आणि आमचे चेहरे बघून कीबोर्डकडे वळली. मग तिनं आमचे सातही नंबर एकामागून एक भराभर घातले.

आमच्या हातातले सात फोन टुंग टुंग करत वाजायला लागले. सात जणींच्या हातात, सात जणींच्या नावावरचे. तेराव्याच्या बाजाराला आलेल्या बायकांनी हसू नये, हे कळत होतं, तरी आम्ही हसलो. फोन वर धरून, डोळे पुसत, अगदी मोठ्यानं हसलो.

मागच्या रांगेतला एक माणूस वाकून म्हणाला, "काय ताई, लॉटरी लागली काय?"

"व्हय," मी म्हणाले. "कवाच लागली."